आठवणीवर भरवसा नसलेले मास्तर

सोनटक्केकाकांनी माझ्या वर्गाचं वाटोळं केलं ते पहिल्याच दिवशी, सगळ्यांसमोर, आणि तेही अगदी गंभीर चेहऱ्यानं. काकांना जाऊन आता वर्ष होत आलं, तरी तो दिवस आठवला की मला थोडा राग येतोच. माणूस गेला की त्याच्यावरचा रागही गेला पाहिजे असं थोडंच आहे?

झाशीत छावणीच्या कडेला एक जुना बंगला आहे. तिथं म्हाताऱ्या माणसांचं निवास चालतं. जेवण, औषधं, आंघोळीला मदत, सगळं तिथं मिळतं. मी तिथं स्मरणाचे वर्ग घेते. डोकं चालतं राहावं म्हणून रोज सकाळी तासभर व्यायाम: पाहिलेल्या वस्तू आठवायच्या, शंभरापासून उलटं मोजायचं, आपल्या घरापासून बाजारापर्यंतचा रस्ता सांगायचा. अधूनमधून प्रत्येकाची एक छोटी परीक्षाही मीच घेते. ऐकायला सोपं वाटतं. ज्यांना सकाळचा नाश्ता आठवत नाही अशा माणसांसमोर रोज उत्साहानं उभं राहून दाखवा, मग बोलू.

त्या दिवशी मी तबकात किल्ली, चमचा, बटण, कंगवा आणि सुपारी मांडली, सगळ्यांना दाखवली, वर फडकं टाकलं आणि विचारलं, "अब बताइए, इसमें क्या-क्या था?" पहिल्या रांगेत एक नवे काका बसले होते. गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा सदरा, पायांत चकचकीत बूट. ते उठले, तबकापाशी आले, फडकं उचललं आणि घडी करून बाजूला ठेवलं.

"किल्ली, चमचा, बटण, कंगवा, सुपारी," ते मराठीत म्हणाले. "झाकलं कशाला?"

"काका, आठवायचं आहे."

"बघता येतं ते आठवायचं कशाला?"

सगळे हसले. काका हसले नाहीत. जागेवर जाऊन बसले आणि म्हणाले, "आमच्या नोकरीत, मला आठवतंय, असं म्हणणाऱ्या माणसाला खुर्चीवर बसू देत नसत."

मला चांगलंच झोंबलं. पुढचे काही दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होते. मग एका सकाळी त्यांची बायको, लीलाकाकू, माझ्याजवळ येऊन बसल्या. गोऱ्या, ठेंगण्या, सुती नऊवारीतून नुकत्याच गोल साडीत आल्यासारख्या अवघडलेल्या. "त्यांचं मनावर घेऊ नकोस गं," म्हणाल्या. "ते घरीही असेच. तू त्या दिवशी तबक म्हणालीस ना? किती दिवसांनी ऐकला हा शब्द." आमचं घराणं झाशीत पिढ्यान्पिढ्यांचं, आमच्याकडे ट्रेला अजून तबकच म्हणतात. मी तसं सांगितलं, त्या खूश झाल्या. थोड्या वेळानं परत जवळ सरकून म्हणाल्या, "त्यांचं मनावर घेऊ नकोस गं. ते घरीही असेच." तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे जोडपं निवासात कुणासाठी आलंय.

काका मूळचे भुसावळकडचे. रेल्वेत लागले, झाशीकडे बदली झाली आणि इकडचेच झाले. मऊरानीपूरच्या पुढच्या एका लहान स्टेशनावर स्टेशनमास्तर म्हणून निवृत्त झाले. मूलबाळ नव्हतं. नंतर प्रेमनगरात घर केलं होतं. काकू विसरायला लागल्या, गॅस चालू ठेवून शेजारी जाऊन बसायला लागल्या, तेव्हा काकांनी घराला कुलूप लावलं आणि दोघं इथं आली. सगळे त्यांना मास्टर साहब म्हणत. मी काका म्हणत असे, कारण सबंध निवासात मराठी बोलणारी आम्ही तिघंच.

माणूस मोठा कटकट्या. त्यांना काहीही सांगितलं की ते तेच शब्द आपल्याला परत म्हणून दाखवत, आणि त्यांनी काही सांगितलं की आपल्यालाही म्हणायला लावत. "एक चहा, बिनसाखरेचा, चार वाजता. सांग, मी काय म्हणालो?" स्वयंपाकघरातली माणसं सुरुवातीला वैतागली, मग त्यांना सवय झाली. 'बहुतेक' हा शब्द त्यांना खपत नसे. एकदा मी म्हटलं, "डॉक्टर बहुतेक संध्याकाळी येतील." काका म्हणाले, "बहुतेक येतील म्हणजे येणार की नाही?" मी म्हटलं, "काका, मला काय ठाऊक? मी डॉक्टरांची आई आहे का?" ते म्हणाले, "मग ठाऊक नाही असं म्हण. त्यात लाज कसली?" माझ्या मराठीचीही त्यांनी सालटी काढली. आम्ही झाशीकर हिंदीच्या वळणावर बोलतो, ते त्यांना ऐकवत नसे. पण काकूंशी बोलताना मी कशीही बोलले तरी ते चूक काढत नसत.

आठवणीवर त्यांचा एवढा राग का, ते मला बऱ्याच उशिरा कळलं. गच्चीवर लोणच्याच्या बरण्या उन्हात ठेवल्या होत्या, त्यांच्याजवळ बसून ते सांगत होते. जुन्या स्टेशनांवर लोखंडी दांड्यांची रांग असे. दांडा ओढला की सिग्नल पडतो, गाडी आत येते. एखाद्या लाइनीवर गाडी उभी असली की त्या लाइनीच्या दांड्याला एक लोखंडी कडं अडकवायचं. त्याला कॉलर म्हणत. चुकून हात गेलाच तर कॉलर हाताला लागते, माणूस थांबतो.

"मी नवा होतो," काका म्हणाले. "दोन नंबरला मालगाडीचे डबे उभे होते. मला पक्कं आठवत होतं की ते सकाळीच गेले. पण आठवत होतं ते आदल्या दिवशीचं. कॉलर लावायचा कंटाळा केला होता. दांड्याला हात घातला आणि खालून रूळ बदलणारा पॉइंट्समन ओरडला, म्हणून थांबलो. मेधा, येणारी पॅसेंजर होती. माणसांनी भरलेली."

"पण काही झालं नाही ना?"

"काही झालं नाही. म्हणून तर बोलतोय तुझ्याशी." मग एका बरणीचं सैल झालेलं फडकं नीट बांधलं. "विसरणं हा गुन्हा नाही. आपण विसरणार नाही असं धरून चालणं हा गुन्हा आहे."

त्यांनी आपल्या खोलीत हाच धंदा चालवला होता. बाजारातून पडद्याच्या लाकडी रिंगा आणून त्यांना लाल रंग दिला होता. काकूंनी सकाळची गोळी घेतली की बाटलीच्या गळ्यात रिंग. गीझर चालू असला की बाथरूमच्या कडीला रिंग. काकूंना काही आठवावं लागत नसे, नुसतं बघावं लागे. आणि खरंच सांगते, ते चालत होतं. हळूहळू बाकीच्यांनीही रिंगा मागून नेल्या. माझ्या वर्गात तबकातल्या पाच वस्तू आठवायला कोणी तयार होईना. मी काकांशी भांडले. म्हटलं, डोक्याला काम दिलं नाही तर ते आणखी गंजेल, तुमच्या रिंगा आहेत म्हणून माणसं आळशी व्हायला लागलीत. ते म्हणाले, "बरोबर आहे तुझं." मी गारच पडले. दुसऱ्या दिवसापासून ते वर्गात येऊन काकूंशेजारी बसायला लागले. स्वतः उत्तर कधी दिलं नाही. पण काकूंना बोलतं करायला काय विचारावं ते मला तेच सांगत. हिंदी काकूंच्या डोक्यातून निसटत चालली होती, म्हणून त्यांची परीक्षा मी मराठीत घेऊ लागले, आणि गुण एकदम वर गेले. त्या दिवशी काकांनी मला बिनसाखरेचा चहा पाजला. त्यांच्या मते तो फार मोठा मान होता.

त्या गुणांवर बरंच काही अवलंबून होतं. निवासाच्या मागच्या बाजूला एक वेगळी इमारत आहे, तिला देखभाल म्हणतात. दाराला जाळी, जाळीला कुलूप, चोवीस तास आया. परीक्षेत अमुक एका रेषेखाली गुण गेले की माणसाला तिथं हलवतात. नवरा-बायको असली तरी एकच जातं, दुसऱ्यानं ठरल्या वेळी भेटायला यायचं. काका-काकूंच्या लग्नाला पन्नासाच्या वर वर्षं झाली होती. काकांना दुसऱ्या कशाचीच भीती नव्हती. ही एकच होती, आणि ती त्यांनी मला सरळ सांगितली होती. "तिला तिकडे नेलं तर ती मला शोधत बसेल. सापडलो तर ओळखेल याचीही खात्री नाही."

एवढं असून परीक्षेत त्यांनी कधी काकूंना मदत केली नाही. एकदा मी काकूंना महिना विचारला. त्या अडल्या. मागे बसलेल्या एका बाईंना दया आली, त्यांनी हळूच महिना सांगून टाकला. काकूंनी तोच म्हटला. मी लिहायला लागले तर काका कडाडले, "लिहू नकोस. तिला आलेलं नाही." काकू घाबरून रडायला लागल्या. नंतर मी त्यांना बाहेर गाठलं. म्हटलं, "काका, एका गुणानं काय बिघडणार होतं? तुमच्याच फायद्याचं होतं." ते म्हणाले, "तुम्ही गुण बघून तिला सांभाळणार. गुण खोटा असला तर सांभाळणार कशाच्या जोरावर?" त्यांचं म्हणणं खरं होतं. पण मनातून मला ते फार कठोर वाटले.

पुढे रिंगांचंही चालेना. काकू दिसेल ती रिंग काढून हातात घालायच्या. बाटलीवरची, गीझरची, दाराची. जेवायला आल्या की दोन्ही मनगटांवर लाल रिंगा, आणि चेहऱ्यावर हळदीकुंकवाला निघाल्यासारखा आनंद. पहिल्यांदा काकांनी त्या हळूच काढून घेतल्या. काकूंचे हात रिकामे झाले, तोंड एवढंसं झालं. दुसऱ्या दिवशी काका भर उन्हात सीपरी बाजारात गेले आणि हिरव्या काचेच्या बांगड्या घेऊन आले. माप विचारून घ्यायला कोणी नव्हतं, तरी बरोबर आणल्या. काकूंनी बांगड्या घातल्या, आणि वरून रिंगाही घातल्या. काका म्हणाले, "असू देत. छान दिसतंय." त्यांच्या तोंडून छान हा शब्द मी तेव्हाच ऐकला.

मग ती दुपार आली. काका आंघोळीला गेले होते. काकूंनी खोलीला बाहेरून कडी लावली, फाटकाबाहेर पडल्या आणि छावणीच्या रस्त्यानं चालत बस थांबतात तिथवर गेल्या. एका जवानानं त्यांना परत आणलं. त्यांना मऊरानीपूरची बस हवी होती. क्वार्टरला जायचं होतं, ह्यांची ड्यूटी सुटायची वेळ झाली, स्वयंपाक व्हायचाय, असं त्या त्याला मराठीत सांगत होत्या. त्याला एक अक्षर कळलं नव्हतं, पण भल्या माणसानं त्यांचा हात सोडला नव्हता. इकडे काका खोलीत आतून दार ठोठावून ठोठावून घसा बसवून बसले होते. आम्ही कडी काढली तेव्हा ओल्या अंगानं दारातच उभे होते.

आमचे व्यवस्थापक तिवारीजी तसे मऊ माणूस. नियमाप्रमाणे त्यांनी काकूंना त्याच दिवशी देखभालमध्ये हलवायला हवं होतं. पण ते काकांना म्हणाले, "मास्टर साहब, आप ज़िम्मेदारी ले लीजिए. कह दीजिए कि दिन-रात आप देखेंगे. भाभीजी यहीं रहेंगी. मैं ऊपर वालों को समझा लूँगा." फक्त हो म्हणायचं होतं. कोणीही म्हटलं असतं. मीही मनात म्हणत होते, म्हणा काका, हो म्हणून टाका.

काकांनी संध्याकाळपर्यंत वेळ मागून घेतला. संध्याकाळी तिवारीजींच्या खोलीत आले, बसले नाहीत. "मैं रात को सोता हूँ, तिवारीजी," ते म्हणाले. "और कान से कम सुनता हूँ. मैं हाँ नहीं कह सकता." मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "लाइन मोकळी आहे असं मला दिसत नाही, तर मी गाडी बोलावू कशी?" त्यांचा आवाज नेहमीचाच होता. हात मात्र त्यांनी पाठीमागे घट्ट धरले होते. मी तिथून उठून बाहेर गेले, कारण मला रडू आवरेना.

काकू देखभालमध्ये गेल्या आणि जेवेनाशा झाल्या. तिथली आया रामकली म्हणजे मायाळू बाई, भरवायला बसायची. रोज येऊन मला सांगायची, "दीदी, काकी ने आज कछू नईं खाओ." काका भेटीच्या वेळेला गेले की दोन घास जायचे. वेळ संपली की जाळी बंद. काका बाहेरच्या बाकावर बसून राहायचे, जेवणाची घंटा झाली तरी उठायचे नाहीत. शेवटी त्यांनी तिवारीजींना सांगितलं, मलाही तिकडे हलवा, एक खाट रिकामी आहे. तिवारीजी हात जोडून म्हणाले, "मास्टर साहब, वहाँ वही रह सकते हैं जिनका दिमाग़ साथ नहीं देता. आपका तो हम सबसे तेज़ है. जाँच में आ जाए तो बात अलग है." ते सहज बोलून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ग सुटल्यावर काका माझ्यासमोर येऊन बसले. "माझी परीक्षा घे," म्हणाले.

आल्यापासून त्यांनी एकदाही परीक्षा दिली नव्हती. मी काय ते समजले. नाही म्हणायची संधी होती, मी म्हटलं नाही. आजही म्हणणार नाही.

"काका, वर्ष कोणतं चालू आहे?"

त्यांनी कधीचं तरी एक जुनं वर्ष सांगितलं. माझ्याकडे न बघता. महिना चुकीचा सांगितला. झाशी कोणत्या राज्यात आहे विचारलं तर म्हणाले, महाराष्ट्रात. मी पाच शब्द सांगितले, थोड्या वेळानं परत विचारले. त्यांनी एकच सांगितला. कपाळावर घाम आला होता. जन्मात कधी खोटं न बोललेल्या माणसाला खोटं बोलताना बघवत नाही हो. मला वाटत होतं, पुरे करावं, पण मध्येच थांबून चाललं नसतं.

शेवटी घड्याळ काढायचं असतं. गोल काढून आकडे भरायचे आणि सांगितलेली वेळ दाखवायची. मी कागद पुढे सरकवला. काकांनी पेन्सील उचलली. गोल काढला, अगदी वाटोळा. वर बाराचा आकडा टाकला. आणि पेन्सील तिथंच थांबली. चुकीचं घड्याळ काढणं त्यांच्या हाताला जमेना. मग पेन्सील खाली ठेवून म्हणाले, "नाही येत मला."

त्यांनी जे सांगितलं तेच मी लिहिलं. तिवारीजींनी गुण पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं. "मास्टर साहब भी?" मी म्हटलं, "जी." त्यांनी कागदावर सही केली. संध्याकाळी काकांची ट्रंक मागच्या इमारतीत गेली. काकांनी ती स्वतःच उचलली होती. रामकलीनं जाळीचं कुलूप काढलं, ते आत गेले, तिनं परत लावलं.

काकू जेवायला लागल्या. सगळं छान झालं असं मात्र नाही. आतली दुपार फार लांब असते. तिथली माणसं ओरडतात, कपडे काढतात, एकच प्रश्न दिवसभर विचारतात. त्यांच्यात काका गळ्यापर्यंत बटणं लावून बसलेले असत. पेपर नाही, रेडिओ नाही, बोलायला कोणी नाही. मला ते पाहून फार वाईट वाटायचं. एकदा विचारलं, "काका, जड जातं का?" ते म्हणाले, "जातं." आणि काकूंच्या ताटातली भाकरी कुस्करायला लागले. काकूंनी त्यांना ओळखलं होतं असंही नाही. बाकीच्यांचं ऐकून त्याही आता त्यांना मास्टर साहब म्हणत. "मास्टर साहब, तुम्ही जेवलात का?" असं परक्या माणसाला विचारावं तसं विचारत. काका म्हणत, "जेवलो."

मी देखभालमध्ये आठवड्यातून एकदा, सोमवारी, छोटा वर्ग घेते. तिथला पहिला पाठ म्हणजे आजचा वार. मी विचारायचा, त्यांनी सांगायचा, चुकला तर मी सुधारून फळ्यावर लिहायचा. त्या सोमवारी काकांना थोडा खोकला होता, एवढंच. तो छातीत उतरला, आठवडा पुरा व्हायच्या आत ते गेले. मला हे तेव्हा माहीत नव्हतं.

मी खडू घेऊन विचारलं, "काकू, आज वार कोणता?"

काकूंनी भुवया आवळल्या. जाळीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. मग एकदम म्हणाल्या, "गुरुवार."

मी नेहमीसारखी मान हलवली आणि सुधारायला तोंड उघडलं. काकूंचा चेहरा पडला. त्यांनी शेजारी चाचपडत काकांची बाही धरली आणि कितीतरी महिन्यांनी नवऱ्याला हाक मारावी तशा म्हणाल्या, "गुरुवारच ना, अहो?"

काकांनी काकूंकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"गुरुवार," ते म्हणाले. "लिही, मेधा."

मी फळ्यावर गुरुवार लिहिलं.